जुन्या गाडीला पुन्हा रंग देण्यापूर्वी काचा आणि पट्ट्या काढाव्यात, की झाकून भागेल?

प्रश्न

माझ्याकडे सुमारे ३५ वर्षांपूर्वीची चार दरवाजांची गाडी आहे. इंजिनाचे काम आटोपले आहे आणि आता संपूर्ण गाडीला मूळच्याच रंगात पुन्हा रंगवून घ्यायचे आहे. रंगकाम करणाऱ्यांचे म्हणणे असे की काचांना हात लावू नये; रबराच्या कडेने टेप मारून कागद लावला की काम भागते, आणि जुनी काच काढताना फुटली तर ती आणायची कुठून हा प्रश्न उरतो. त्यांचे बोलणे मला अगदीच चुकीचे वाटत नाही. मात्र अशीच झाकून रंगवलेली एक गाडी मी पूर्वी वापरली आहे. दोन वर्षांच्या आत तिच्या समोरच्या काचेच्या रबरालगतचा रंग नखाने निघेल अशा पापुद्र्यांनी सुटू लागला होता.

माझ्या गाडीच्या समोरच्या आणि मागच्या काचा काळ्या रबरात बसवलेल्या आहेत, आणि समोरच्या रबरात सभोवार एक चमकदार पट्टी आहे. रबर कडक झाले आहे. समोरच्या काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात रबरापासून बोटभर अंतरावर रंग फुगला आहे. दरवाजांवर धातूच्या लांब पट्ट्या, डिकीवर नावाची अक्षरे आणि छताच्या पन्हळीवर चमकदार आवरण असा बाकीचा ऐवज आहे. यांपैकी काय काढावे, कोणत्या क्रमाने काढावे आणि कोणती गोष्ट जागीच राहू द्यावी, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या फुगलेल्या कोपऱ्यातच आहे. रबरापासून बोटभर अंतरावर रंग फुगलेला दिसतो, तेव्हा गंजाची सुरुवात तेथे झालेली नसते. ती रबराखाली, काचेच्या चौकटीच्या पत्र्यावर झालेली असते आणि तेथून गंज बाहेर सरकत आलेला असतो. काच जागेवर ठेवून तो फोड घासला आणि त्यावर पुट्टी भरली, तर रंग काही महिने सुंदर दिसेल, परंतु खालचे पाणी आपले काम करीतच राहील. म्हणून आपल्या बाबतीत समोरची काच काढावीच लागेल असे माझे स्पष्ट मत आहे. मागच्या काचेचा निर्णय तिच्या रबराची कड उचलून, खाली काय आहे ते पाहून घ्यावा.

झाकून रंगवलेल्या गाडीचा रंग रबराच्या कडेला का सुटतो, त्याचे कारणही साधे आहे. टेप कितीही काळजीपूर्वक लावली तरी नव्या रंगाची कड नेमकी रबर आणि पत्रा जेथे भेटतात तेथे संपते. त्या कडेखाली जुन्या मेणाचा व धुळीचा थर असतो, कारण रबराच्या ओठाखाली, म्हणजे पत्र्यावर टेकलेल्या त्याच्या पातळ कडेखाली, सँडपेपर पोहोचलेलाच नसतो. रबर मात्र उन्हाने आणि हादऱ्यांनी सतत हलत असते. त्या हालचालीने रंगाची कड तडकते, तड्यातून पाणी शिरते आणि आपण पाहिलेले पापुद्रे निघू लागतात.

आता प्रत्यक्ष काढण्याबद्दल. पहिली गोष्ट अशी की नवे रबर हातात आल्याशिवाय जुन्याला हात लावू नये. आपल्या गाडीचे रबर मिळते आहे आणि ते त्याच आकाराचे आहे याची खात्री झाली की काम निम्म्याने सोपे होते, कारण मग जुने रबर वाचवण्याची गरज उरत नाही. कडक झालेले रबर जसेच्या तसे बाहेर काढण्याचा हट्ट हेच काच फुटण्याचे सर्वांत मोठे कारण असते.

वायपरचे दांडे आणि आतला आरसा आधी काढावा. मागच्या काचेला गरम करणाऱ्या तारा असतील तर बॅटरी सोडवून त्यांची जोडणी आधी काढून घ्यावी. त्यानंतर रबरातील चमकदार पट्टीकडे वळावे. तिचा जोड कोठे आहे ते शोधावे. बहुधा तो खालच्या किंवा वरच्या बाजूला मध्यभागी असतो आणि त्यावर एक छोटी टोपी बसवलेली असते. टोपी सरकवून पट्टीचे टोक उचलले की ती खाचेतून अलगद निघत येते. ही पट्टी केवळ शोभेची नसते. बऱ्याच गाड्यांत ती पाचरीसारखी बसून रबराला काचेवर आवळून धरते, त्यामुळे ती निघताच रबर सैल पडल्याचे हाताला जाणवते.

नवे रबर जवळ असेल तर धारदार चाकूने बाहेरचा ओठ काचेच्या पृष्ठभागालगत सभोवार कापून टाकावा. चाकू साबणाच्या पाण्यात बुडवत राहावे, म्हणजे तो अडकत नाही आणि हाताला जोर लावावा लागत नाही. ओठ निघाला की काच बाहेरच्या दिशेने उघडी पडते आणि आतून तळहातांनी हलकेच ढकलली तरी सुटते. रबर वाचवायचेच असेल तर गाडी काही वेळ उन्हात ठेवून रबर नरम होऊ द्यावे, आतल्या बाजूने लाकडी किंवा प्लास्टिकच्या बोथट पट्टीने रबराचा ओठ चौकटीच्या पत्र्यावरून उलटवत जावे, आणि वरच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करून दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकावे. या सर्व वेळी बाहेर दुसरा माणूस काचेला दोन्ही हात लावून उभा असलाच पाहिजे. एकट्याने हे काम करू नये.

काचेचा स्वभाव ओळखून जोर लावावा. समोरची काच बहुधा दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असलेली असते. ती एका ठिकाणी दाब आल्यास तडकते, विशेषतः कोपऱ्याजवळ. बाजूच्या आणि मागच्या काचा कडक केलेल्या असतात. त्या मधल्या भागावर बराच दाब सोसतात, परंतु कडेला स्क्रू ड्रायव्हरचे टोक लागले तर एका क्षणात दाण्यादाण्यांचा ढीग होतो. म्हणून कडेजवळ लोखंडी हत्यार नेऊ नये. समोरच्या काचेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी: थिनरने भिजलेले फडके तिच्या कडेवर पडून राहिले तर मधल्या पडद्याला इजा होते आणि कडेला दुधाळ डाग सरकत आत येतात.

बऱ्याच जुन्या गाड्यांत छताच्या आतल्या कापडाची पुढची व मागची कड काचेच्या रबराखाली दाबलेली असते. काच निघताच ते कापड सैल होऊन लोंबू लागते आणि पुन्हा ताणताना सुरकुत्या पडतात. काच सुटताक्षणी त्या कडेला कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावून ठेवावेत. हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि एका संध्याकाळच्या कामाचे तीन दिवस झाले.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादातील बहुतेक मजकूर मला मान्य आहे, परंतु सरसकट सगळ्या काचा काढाव्यात असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. माझ्या गाडीची मागची काच मी जागेवरच ठेवली होती, कारण तिचे रबर लवचिक होते, खाली गंजाचा मागमूस नव्हता आणि त्या आकाराचे नवे रबर कोठेच मिळत नव्हते. अशा वेळी मधला मार्ग उपलब्ध असतो. जाडसर गोल दोरी, किंवा प्लास्टिकचे आवरण असलेली विजेची तार, रबराच्या बाहेरच्या ओठाखाली बोथट पट्टीने सभोवार सरकवत न्यावी. ओठ काही मिलिमीटर उचलला जातो, खालचा पत्रा घासून स्वच्छ करता येतो, आणि टेप रबरावर लावली की रंग ओठाच्या आतपर्यंत जातो. रंग सुकल्यावर दोरी काढली की रबर पुन्हा खाली बसते आणि रंगाची कड त्याच्या पोटात लपते. ही युक्ती कडक रबरावर मात्र चालत नाही, ते दोरीवर ताणले जाताच फाटते.

या धाग्यावर पुढे येणाऱ्या वाचकांसाठी एक इशाराही द्यावासा वाटतो. वरील सगळे वर्णन रबरात बसवलेल्या काचेचे आहे. ज्या गाड्यांत काच पॉलियुरेथेनच्या चिकट पदार्थाने थेट पत्र्याला चिकटवलेली असते, तेथे ती बारीक पोलादी तारेने दोघांनी करवतीसारखी ओढून कापावी लागते. तेथे चौकटीच्या पत्र्यावर नवा रंग चढू देणेही धोक्याचे असते, कारण काच मग पत्र्याला न चिकटता केवळ ताज्या रंगाच्या थराला चिकटते. म्हणून रंगवताना चौकटीचा तो पट्टा झाकतात, आणि बसवताना जुन्या चिकट पदार्थाचा १ ते २ मिलिमीटरचा कापलेला थर तसाच ठेवून त्यावर नवा देतात. एअरबॅग असलेल्या गाडीत समोरची काच फुगणाऱ्या पिशवीला आधार देते, तेव्हा ते काम जाणकारानेच करावे.

प्रतिसाद ३

काचेबद्दल पुरेसे लिहून झाले आहे, म्हणून मी पट्ट्या आणि अक्षरांपुरते लिहितो.

या कामात एक मानसिक अडचण असते. पट्टी उचकटताना आपला जीव रंगावर ओरखडा पडू नये यात अडकतो, वास्तविक तो रंग आठवडाभरात घासूनच टाकायचा असतो. जपायचे असते ते पट्टीला. पोलादी पट्टी एका टोकाला धरून वर खेचली की मध्ये कुठेतरी तिला मुरड पडते, आणि मुरड पडलेली पट्टी ठोकून कितीही सरळ केली तरी उजेडात तो वळ दिसतोच. अॅल्युमिनियमची पट्टी याहूनही नाजूक. त्यामुळे प्रत्येक क्लिप कोठे आहे ते आधी पट्टीवर बोटे दाबत, ती कोठे घट्ट लागते आणि कोठे दबते यावरून ओळखावे, आणि रुंद प्लास्टिकची पट्टी नेमकी त्या क्लिपखाली घालून तेवढाच भाग मोकळा करावा. मग पुढची क्लिप. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे उंचावत जाण्याचा मोह टाळावा.

दरवाजाच्या पट्ट्यांच्या टोकाला बहुधा एक खिळ्यासारखा स्क्रू आणि त्यावर आतून नट असतो. तो दरवाजाचे पॅड, म्हणजे आतल्या बाजूचे आवरण, काढल्याशिवाय दिसत नाही. पॅड काढण्यासाठी काच वरखाली करण्याचा दांडा काढावा लागतो, आणि येथे अनेक जण दांड्याच्या मध्यभागी स्क्रू शोधत बसतात. पुष्कळ गाड्यांत तेथे स्क्रू नसतोच. दांडा आणि पॅड यांच्यामध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराची एक बारीक स्प्रिंग दडलेली असते. सुती फडक्याची कड दांड्याच्या मागे घालावी, दोन्ही टोके धरून बूट पुसतात तशी इकडून तिकडे ओढावी, आणि फडक्याचा धागा स्प्रिंगच्या टोकात अडकला की ती टक्कन आवाज करून उडते. ती कोठे उडते यावर मात्र लक्ष ठेवावे. मी एकदा पूर्ण दुपार तिच्या शोधात जमिनीवर रांगत घालवली आणि ती अखेर माझ्याच शर्टाच्या घडीत सापडली. पॅडच्या मागे चिकटवलेला प्लास्टिकचा कागद फाडू नये, तो दरवाजात शिरलेले पाणी आसनांकडे येऊ देत नाही.

दरवाजाच्या काचा काढायच्या की नाही, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी सांगतो: काढू नयेत. त्या पूर्ण खाली उतरवून वर प्लास्टिक झाकले की पुरते. काचेच्या बुंध्याशी असलेल्या केसाळ पट्ट्या मात्र काढाव्यात, कारण त्यांच्याखालच्या कडेलाच गंज सर्वांत आधी लागतो.

डिकीवरच्या अक्षरांना बाहेरून हात लावण्यापूर्वी डिकीच्या आतून पाहावे. पिना असतील तर त्यांवर दाबून बसवलेले पातळ पत्र्याचे नट दिसतील आणि ते आतूनच सोडवावे लागतील. जुनी अक्षरे जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात, त्यांच्या पिना खडूसारख्या तुटतात. अक्षरे चिकटवलेली असतील तर केस वाळवण्याच्या यंत्राने गरम करून, मागून मासे पकडण्याची बारीक दोरी करवतीसारखी फिरवावी. त्याआधी ती कडेपासून किती अंतरावर आहेत त्याचा कागदी साचा कापून ठेवावा, कारण रंग झाल्यावर जुनी खूण उरत नाही आणि नजरेच्या अंदाजाने लावलेली अक्षरे हमखास तिरकी होतात.

स्क्रू आणि क्लिपांसाठी डबे वापरण्याऐवजी एक जाड पुठ्ठा घ्यावा, त्यावर दरवाजाची ढोबळ आकृती काढावी आणि जो स्क्रू जेथून निघाला तेथे पुठ्ठ्यात टोचून ठेवावा. प्रत्येक दरवाजासाठी वेगळा पुठ्ठा. रंगकामाला महिना लागला तरी काय कोठले हे विचारावे लागत नाही.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे आभार. नवे रबर मिळाल्यावर समोरची काच बाहेरचा ओठ कापून काढली, आणि ती शाबूत आहे. सध्या ती भिंतीशी, खाली लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर जुनी सतरंजी घालून, उभी ठेवली आहे.

कोपऱ्याबद्दलचा अंदाज खरा निघाला. रबर निघाल्यावर चौकटीच्या पत्र्यावर अंगठा आत जाईल एवढे भोक सापडले, आणि त्याच्या सभोवती कोणीतरी पूर्वी भरलेला पारदर्शक लेप होता. तो खरवडताना व्हिनेगरसारखा वास आला. डाव्या बाजूचे भोक मी पत्र्याचा तुकडा वेल्ड करून बुजवून घेतो आहे. हा लेप तेथे पुन्हा लावायचा नाही असे समजावे का? शिवाय डिकीवरच्या एका अक्षराची पिन आतून सोडवतानाही तुटलीच.

प्रतिसाद १ देणाऱ्याकडून

तो वास सिलिकॉनचा आहे. अशा प्रकारचे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते आणि उघड्या पत्र्याला ते गंजवते, म्हणजे ज्याने गळती थांबवायला ते भरले त्याने गंजाला हातभारच लावला. ते पुन्हा लावू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचा कणही रंगाखाली राहू देऊ नये. सिलिकॉन राहिलेल्या जागी ओला रंग मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. आधी खरवडून, मग मेण व सिलिकॉन काढणाऱ्या द्रावणाने पुसावे, सँडपेपर त्यानंतर. उलट क्रमाने केल्यास सिलिकॉन घासले जाऊन सगळीकडे पसरते. रंगकाम संपेपर्यंत गाडीच्या आसपास सिलिकॉनचा फवारा, डॅशबोर्डची पॉलिश, काहीही वापरू नये.

चौकटीच्या पत्र्यावर प्राइमर आणि रंग दोन्ही द्यावेत, परंतु पुट्टी आणि थर यांचा भार तेथे वाढू देऊ नये. रबराची खाच मूळ पत्र्याच्या जाडीसाठी असते. पत्रा जाड झाला तर रबर बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवल्यास कडेचा नवा रंग चिरतो. अक्षराची तुटलेली पिन हा मोठा प्रश्न नाही. दोन्ही बाजूंना चिकटणारी फोमची टेप पुरते. फक्त पिनेचे रिकामे भोक उघडे ठेवू नये.

प्रतिसाद २ देणाऱ्याकडून

काच बसवण्याची पद्धत सांगून ठेवतो, म्हणजे त्या दिवशी घाई होणार नाही. रंग झाल्यावर लगेच बसवू नये. गरम कक्षात ६० अंश सेल्सियसला अर्धा तास भाजलेला दोन घटकांचा रंग हाताला कडक लागला तरी त्यावर रबराचा दाब काही दिवस येऊ नये, आणि हवेत सुकणारा इनॅमल असेल तर काही आठवडे थांबलेले बरे. अन्यथा रबराचा ठसा रंगात कायमचा उमटतो.

रबर आधी काचेभोवती बसवावे आणि जोड असल्यास तो मध्यभागी यावा. मग पत्र्यासाठीच्या खाचेत सुमारे ४ मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी सभोवार घालून तिची दोन्ही टोके खालच्या मध्यभागी एकमेकांवर वीतभर ओलांडून बाहेर ठेवावीत. खाच आणि चौकट साबणाच्या पाण्याने भिजवावी. ग्रीस किंवा इंजिनाचे तेल वापरू नये, त्याने रबर फुगते. काच बाहेरून चौकटीवर टेकवून एकाने तळहातांनी दाबून धरावी आणि दुसऱ्याने आतून दोरीचे एक टोक काचेला समांतर, तिच्या मध्याकडे ओढत जावे. दोरी येते तसा रबराचा ओठ पत्र्यावरून आत उलटत जातो. बाहेरच्याने जेथे दोरी आहे नेमके तेथेच दाबले पाहिजे, म्हणून आतल्याने मोठ्याने सांगत राहावे. कोपऱ्यात ओठ अडला तर दोरी आणखी ओढू नये, ती नव्या रबराला चिरते. थोडी मागे घेऊन, पुन्हा साबण लावून, बोथट पट्टीने ओठ वर आणावा.

चमकदार पट्टी सर्वांत शेवटी, आणि तीही काच सभोवार सारखी बसली आहे हे बाहेरून पाहिल्यावरच. तिच्यासाठी टोकाला वळे असलेले एक हत्यार मिळते. ते खाच उघडी धरते आणि मागोमाग पट्टी आत सोडते. बोटांनी हे जमत नाही. त्यानंतर नळाची बारीक धार खालून वर, एकेका बाजूला पाच मिनिटे सोडावी आणि एकाने आत बसून कोरडा कागद कोपऱ्यांवर फिरवत राहावे. आतले कापड आणि डॅशबोर्ड हे पाहून झाल्यावरच पूर्ण बसवावे.